कनिष्ठ सभागृहाची बांधणी

ग्रंथालयानं पोत्यांतनं धाडले एकोणचाळीस खंड,
कुणा रावबहादुरांच्या दिवाणखान्यातले.
पाठी उसवलेल्या, कोपरे उंदरांनी वाटून घेतलेले.
शिरगुप्पे कारकून म्हणाले,
"दत्तोबा, हे दिल्लीचं जुनं कायदेमंडळ.
वरचं नव्हे, खालचं. कनिष्ठ सभागृह.
मजुरी नेहमीचीच, कनिष्ठ म्हणून कमी नाही."
आणि स्वतःच हसले.

माझा आजा सरकारी पागेत खोगिरं शिवायचा.
घोडे गेले, मोटारी आल्या, दाभण तेच राहिलं.
बापानं त्यानं चोपड्या शिवल्या,
मी शिवतो दुसऱ्यांचं बोलणं.

इंग्रजी मला अक्षरापुरतं येतं,
सोनेरी ठसा उलटा लागू नये एवढं.
सून वाचते. उज्ज्वला रात्रशाळेत शिकवते,
खळीत मोरचूद विरघळेपर्यंत उभ्या उभ्या वाचते:
एकशे पंचेचाळीस खुर्च्या,
एक्केचाळीसांवर सरकारनं बसवलेले.
बाकीच्यांना निवडून देणारे कोण,
तर सारा भरणारे, कर भरणारे, मोजकेच.
हिवाळ्यात दिल्ली, उन्हाळ्यात सिमला.
मिठावर बोलले, रुपयाच्या भावावर बोलले.
मिठाचा कर सभागृहानं पाडला,
लाटसाहेबाच्या एका सहीनं तो परत उभा.
"म्हणजे कुस्ती चितपट," मी म्हणालो,
"आणि निकाल पंचाच्या घरनं."

एकोणतीसचा काढा म्हणाली, एप्रिलचा, बाँबचा.
शोधला. मार्चनंतर थेट सप्टेंबर.
पोत्याच्या तळाशी रावबहादुरांच्या हातची चिठ्ठी:
मांगुरे वकिलांनी नेला. दोनदा माणूस धाडला.
पुढं काही नाही.

मग मीच विचारलं, ह्यात आपण कुठं?
तिनं सूची उघडली, ओळीवर बोट ठेवलं.
कराची. कोहाट. कुलाबा.
त्याच्याखाली कसरीनं केलेली जाळी,
जाळीतनं मागच्या पानावरचा कुणाचा तरी आकडा.
"नसणारच मामंजी. आपण संस्थान.
संस्थानांच्या कारभाराचं नाव तिथं काढायचं नाही,
असा नियमच होता.
आपल्या वाट्याला खुर्ची नव्हती."

असेल तसंच.
पण कागद सगळा सारखा, खळ सगळी सारखी,
मग कसर नेमकी तिथंच का बसली जेवायला?
हे मी तिला विचारलं नाही.
चूल मोठी झाली होती, खळ तळाला लागत होती.

शेवटचा खंड सत्तेचाळीसचा, अंगानं बारीक.
निरोपाचं भाषण शोधलं दोघांनी,
आम्हाला तरी सापडलं नाही.
ऑगस्टात ते घर मोडलं.
आपण त्यानंतर आणखी दीड वर्षं वेगळेच,
आपल्याच चौकटीत, आपल्याच दरबारात.

कातडं सुभाषनगरातनं आणलं,
चपलांच्या तळातनं उरलेलं, जाड, हट्टी.
सदऱ्यावर लाळ गाळणारं नातवंड पायात,
तरी दिवसाला दोन खंड निघाले.

पाठीला आतनं अस्तर लागतं. रद्दी चालते.
बापाच्या पेटीत गूळ-सौद्याची एक पावती होती:
शाहूपुरी, कोल्हापूर. सहा रवे. हमाली वजा.
तिची पट्टी कापली, खळ फिरवली,
सूचीच्या खंडाच्या पाठीत बसवली
आणि वर कातडं ओढलं.
हाडकानं घासलं. आता काही दिसत नाही.
पुस्तक पूर्ण उघडलं
तर पाठ जरा करकरते, एवढंच.

शिरगुप्पे न्यायला आले, बोट लावून मोजले.
"अडतीस," म्हणाले. "एक कमी भरतोय."
चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं,
पोत्यात हात घालून बघितला.

मी वकिलाची चिठ्ठी पुढं केली.